आगकाडीएवढी वाट

त्या रविवारी बाबा जेवायला बसले तेव्हा त्यांच्या डाव्या कानाच्या पाळीला हिरवा रंग लागलेला होता. डब्यात किती रंग उरलाय हे ते झाकण उघडून बघत नसत. डबा कानाशी धरून हलवत आणि सांगत, दोन पेट्यांपुरता आहे. त्यातच कधीतरी डबा पाझरला असणार. आईने तो ठिपका पाहिला, मुलीने पाहिला, दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि न बोलताच ठरवून टाकलं की सांगायचं नाही. बघू या स्वतःच्या ध्यानात कधी येतं ते. घरातली ही जुनी गंमत होती. दुसऱ्यांच्या घंटेतली बारीकशी कुरकुर बाबा दहा पावलांवरून ओळखायचे, पण शर्टाची गुंडी चुकीच्या काजात गेलेली असली तर संध्याकाळपर्यंत तशीच राहायची.

विजेच्या घंटा बनवणं हा बाबांचा धंदा. घरामागे अंगण आणि अंगणापलीकडे पत्र्याच्या छपराचं वर्कशॉप. तिथे बाबा आणि त्यांचे धाकटे भाऊ, म्हणजे मुलीचे काका, तीस वर्षं घंटा बनवत आले होते. खरं तर बनवायचे बाबा. काका त्या विकायचे, नेऊन बसवायचे आणि चारचौघांत त्यांचं कौतुक करायचे. दाराच्या, शाळेच्या, कचेरीच्या अशा सगळ्या छपराखालच्या घंटा. मुलगी पस्तिशी उलटलेली, एका छापखान्यात मुद्रितं तपासायची. पानात चूक दिसली की समासात खूण करायची आणि पुढे सरकायचं. ज्याची चूक त्याला बोलावून दाखवत बसायचं नाही, हा तिच्या कामाचा शिरस्ता. घरी आल्यावर बाबांची पेन्सिलने काढलेली ड्रॉइंगं ती शाईने पक्की करून द्यायची आणि तयार पेट्या रंगवायची, कारण हात स्थिर होता. बाबा तिला मास्तरीणबाई म्हणत.

वर्षापूर्वी दगडाच्या खाणीतून मागणी आली आणि छपराखालचं आयुष्य संपलं. ती खाण डोंगरावर होती. फोडलेला दगड ट्रॉलीत भरून, तारेच्या दोराने रुळांवरून खाली सोडायचे. वर विंचवर, म्हणजे दोर गुंडाळायच्या यंत्रावर, बसलेला माणूस दोर ढिला करणार आणि खाली ट्रॉली रिकामी करणारे लोक. मधे डोंगराचं पोट पुढे आलेलं, त्यामुळे वरच्याला खालचा दिसायचा नाही आणि खालच्याला वरचा. म्हणून नियम असा होता की विंचवाल्याने तीन वेळा बटण दाबायचं, खाली घंटा तीन वेळा वाजायची, रुळांवरच्यांनी बाजूला व्हायचं. मग शंभर आकडे मोजून ट्रॉली सोडायची. नियम चांगला होता, घंटाच टिकत नव्हत्या. पाऊस, धुकं आणि दगडाची भुकटी यांपुढे कुठलीही घंटा दोन महिन्यांत मान टाकायची.

बाबांनी पहिली पेटी केली तिच्यात टोलाची दांडी बाहेर येते तिथे चामड्याची चकती बसवली. चामडं भिजून फुगलं आणि टोल उशीवर मारल्यासारखा वाजू लागला. दुसरीत रबर घातलं, ते उन्हाने कडक झालं. तिसरी पेटी त्यांनी सगळीकडून मेणाने अशी बंद केली की काका म्हणाले, दादा, आता हिच्यात विचारसुद्धा शिरायचा नाही. आठ दिवसांनी उघडली तर आतून घामाघूम. बाबा दोन दिवस तिच्यासमोर स्टुलावर बसून राहिले. तिसऱ्या दिवशी उठून कामाला लागले. काय सापडलं ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. विचारल्याशिवाय सांगायचं नाही ही त्यांची खोड, आणि विचारायचं नाही ही लेकीची.

चौथी पेटी अंगणात, नळाखाली भोकं पाडलेला डबा टांगून, त्याच्या धारेत चाळीस दिवस लटकत होती. आत टीपकागदाचा तुकडा ठेवलेला. तो मुलीनेच छापखान्यातून आणून दिला होता. दर रविवारी बाबा झाकण उघडायचे, कागद गालाला लावून बघायचे आणि परत ठेवायचे. चाळीसाव्या दिवशीही कागद कोरडाच होता. शेजारपाजारचे मात्र त्या घंटेला विटले होते, कारण बाबा तासातासाला ती वाजवून बघायचे.

मग ती पेटी रंगवायला मुलीकडे आली. तिने वर्तमानपत्र अंथरून ती उलटी केली आणि तळाला, मागच्या कडेशी, तिला एक भोक दिसलं. ड्रॉइंगमध्ये असं भोक नव्हतं. ड्रॉइंग तिनेच शाईने पक्कं केलं होतं, त्यातली रेघ न् रेघ तिला पाठ होती.

महिन्यापूर्वी बाबांनी एका पेटीच्या पाठीला भलत्याच जागी भोक पाडलं होतं आणि इकडे तिकडे बघून, चोरासारखं, पुट्टीने बुजवलं होतं. ते तिने स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं होतं. त्याच आठवड्यात त्यांनी आईला डोळे दाखवायला कधी जायचंय हे तीनदा विचारलं होतं. आता हे दुसरं भोक. बाबा तेव्हा तारा आणायला बाहेर गेले होते. ते यायच्या आत तिने भोकात पुट्टी दाबून भरली, वाळल्यावर पॉलिशपेपरने घासली, वर हिरव्या रंगाचे दोन हात दिले. शेवटी तिने बोट फिरवून पाहिलं, तर तिच्या बोटालाही जागा सापडली नाही. बाबांना कळू न देता आपण बाबांची चूक सांभाळली असं तिला वाटलं. थोडा अभिमानही वाटला.

दुसऱ्या दिवशी काकांनी पेटी नेऊन खाणीत बसवली. ह्याला तीन आठवडे झाले होते.

तर त्या रविवारी जेवताना बाबांनी सांगितलं की खाणीच्या मुकादमाचा निरोप आलाय, घंटेचा आवाज बसल्यासारखा वाटतो. उद्या सकाळी जाऊन येतो. आईने आठवण करून दिली की सोमवारी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचंय. बाबा म्हणाले, डोळे कुठे पळून जात नाहीत. आई म्हणाली, घंटेला बरे पाय फुटले. बाबा हसले, कानावरचा ठिपका हलला, आणि आईने पदराआड तोंड लपवलं.

त्या हसण्यातच मुलीने, का कोण जाणे, वर्षभर न विचारलेलं विचारलं.

"बाबा, तो टीपकागद शेवटी कोरडा कसा राहिला हो?"

बाबांनी हातातला घास ताटात ठेवला. कुणीतरी विचारेल म्हणून ते किती दिवस थांबले होते हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. त्यांनी पाण्याचा रिकामा पेला उचलला आणि टेबलावर उपडा ठेवला.

"ही पेटी. ऊन पडलं की आतली हवा फुगते, फटीफटीतून बाहेर जाते. संध्याकाळी पेटी गार होते, हवा आत ओढते, दमट हवा. म्हणजे पेटी श्वास घेते, मास्तरीणबाई. कितीही बंद करा, घेतेच. आणि आत त्या हवेचं होतं पाणी. मी मूर्खासारखा वर्षभर पाण्याला बाहेर ठेवायला बघत होतो. अरे, येऊ दे की त्याला. फक्त जायला वाट ठेवायची. तळाला एक भोक, आगकाडी जाईल एवढं. त्याहून लहान केलं तर थेंब अडकून बसतो, मोठं केलं तर किडे घर करतात. ते भोक नसेल ना, तर पेटी कसली, पाण्याची बाटली ती. सगळी घंटा एका बाजूला आणि ते भोक एका बाजूला."

"ड्रॉइंगमध्ये नाहीये ते," ती म्हणाली. स्वतःचा आवाज तिला लांबून आल्यासारखा वाटला.

"नाही ना. डोक्यात आहे. काढू एकदा सवडीने."

तिच्या तोंडात घास तसाच राहिला. पाच शब्दांचं एक वाक्य तयार झालं होतं. स्वल्पविराम कुठे पडेल तेसुद्धा तिला दिसत होतं. पण ते वाक्य म्हटलं की पुढचंही म्हणावं लागलं असतं. मला वाटलं तुम्ही चुकलात, मला वाटलं आता तुम्ही चुकायला लागलात. आणि समोर बाबा उपड्या पेल्यावर हात ठेवून, दहावीच्या निकालाच्या दिवशी मुलं बसतात तसे बसले होते.

तरी तिने तोंड उघडलं. आईला वाटलं, ही आता कानाचं सांगून टाकतेय. तिने टेबलाखालून मुलीचा पाय आपल्या पायाने दाबला. गप्प बस, मजा घालवू नकोस.

मुलीने तोंड मिटलं. उद्या बाबा पेटी उघडतीलच, तेव्हा त्यांना दिसेल. घरी येऊन विचारतील, हा गाढवपणा कुणाचा? मग आपण सांगू, बोलणी खाऊ, आणि चहा पिताना तिघंही हसू. एका दिवसाचा तर प्रश्न. तिने ताटातली भाजी संपवली आणि पेला उचलून धुवायला नेला.

सोमवारी सकाळी दाट धुकं होतं आणि पाऊस भुरभुरत होता. बाबा हत्यारांची पिशवी घेऊन निघाले तेव्हा ती कपड्यांना इस्त्री करत होती. ते दारातून "येतो गं" म्हणाले, ती "हं" म्हणाली.

पुढचं सगळं इतरांनी सांगितलेलं. खाली पोचल्यावर मुकादमाने काम थांबवू का म्हणून विचारलं. बाबा म्हणाले, नको. आहे तशी एकदा ऐकू दे, दुखणं ऐकल्याशिवाय पोट फाडायचं नसतं. घंटेचा खांब रुळांना अगदी खेटून होता. तिच्या नेमकं खाली उभं राहायचं तर रुळांमध्येच उभं राहावं लागे. ते तिथे उभे राहिले, डोंगराकडे पाठ करून, मान वर करून, डावा कान घंटेकडे लावून. घंटा वाजली की बाजूला व्हायचं, हे खालच्या सगळ्यांकडून त्यांनीच घोकवून घेतलं होतं.

घंटा वाजली नाही. दगड भरणारे दोघे तीस पावलांवर ट्रकपाशी होते, त्यांनीही ऐकली नाही. त्यांनी ऐकला तो एकदम दोराचा आवाज, मग रुळांचा. त्यांनी हाका मारल्या. मुलीला पुढे कितीतरी दिवस हाच एक प्रश्न छळत राहिला की बाबांना रुळांचा खडखडाट ऐकू आला नाही, असं कसं होईल? दहा पावलांवरून कुरकुर ओळखणारे कान ते. हळूहळू तिच्या लक्षात आलं, ऐकू आला असणार. पण घंटा वाजली नव्हती. कानांपेक्षा त्यांचा आपल्या घंटेवर विश्वास जास्त होता, आणि त्या दोन्हींच्या मधे जेवढा वेळ जातो तेवढा गेला.

ट्रॉलीने खांबही उखडला. पेटी फुटून खालच्या चरात पडलेली सापडली. तिच्यात पाणी होतं. पण त्या दिवशी तिथे पाणी कशात नव्हतं?

बाबांना घरी आणलं तेव्हा चेहरा बराचसा शाबूत होता, आणि डाव्या कानाच्या पाळीवर हिरवा ठिपका तसाच होता. आईने ओल्या फडक्याने तो पुसायला घेतला. पुसत राहिली. रंग तेलाचा होता, पाण्याने निघाला नाही. शेवटी मुलीने आईचा हात धरला.

लोक येऊन बसायचे आणि काका सगळ्यांना तेच सांगायचे. दादाची घंटा बंद पडत नाही. चाळीस दिवस धारेखाली वाजलीये, सगळ्या आळीने ऐकलीये. त्या विंचवाल्याने बटणच दाबलं नाही, डुलक्या घेत असेल. हे सांगताना काकांचे डोळे भरून यायचे. ते खोटं बोलत नव्हते. त्यांना भाऊ गेल्यावर निदान भावाचं नाव तरी जायला नको होतं. ऐकणारे माना डोलवायचे. मुलगी चहाचे कप भरायची. दर वेळी तिला वाटायचं, आता म्हणावं. दर वेळी कुणीतरी साखर मागायचं.

विंचवाल्याला घरी बसवलं. चौकशी लागली. त्याने बटण दाबलं नाही असं ठरलं तर पुढे खटला होता, आणि तो चुकायचा नव्हता.

आठव्या दिवशी दुपारी तो स्वतः आला. पन्नाशीचा, बुटका, उन्हाने रापलेला माणूस. बसा म्हटलं तरी बसला नाही. अंगणात, नळापाशी, उजवा अंगठा डाव्या मुठीत धरून उभा राहिला.

"वहिनी, मी तीनदा दाबलं," तो आईला म्हणाला. "शंभर मोजले. मी मोठ्याने मोजतो. एकोणीस वर्षं मोठ्याने मोजतोय, पोरं चेष्टा करतात माझी. तुम्ही काही म्हणावं म्हणून नाही आलो. फक्त तुम्हाला कुणी दुसरं काही सांगितलं असेल तर, म्हणून आलो."

आई दाराच्या पायरीवर बसली होती. तिने मान वर केली नाही. त्याने टपटपणारा नळ सवयीने घट्ट केला, आणि तो गेला. मुलगी आत दाराआड उभी होती. तिच्या आणि त्याच्या मधे एक फळी होती.

तो गेल्यावर ती वर्कशॉपमध्ये गेली. खाणवाल्यांनी आणखी घंटा मागितल्या होत्या आणि काका आता ड्रॉइंग बघूनच त्या करणार होते. तिने ड्रॉइंग काढलं, दौत उघडली, आणि पेटीच्या तळाला, मागच्या कडेशी, एक लहानसं वर्तुळ काढलं. शेजारी माप लिहिलं. अक्षर तिचंच होतं, आधीच्या सगळ्या मापांसारखं. शाई वाळल्यावर ते नंतर घातलंय हे कुणालाही कळलं नसतं. निदान पुढच्या पेट्या तरी नीट होतील. चूक दुरुस्त झाली. ती कुणाची, ते लिहायची पद्धत नव्हती. तिने दौतीला बूच लावलं आणि हात धुतले, आणि त्या रात्री पहिल्यांदाच तिला झोप लागली.

चौकशी खाणीच्या कचेरीत होती. एक लांब टेबल, भिंतीवर जुनं कॅलेंडर, खिडकीच्या काचेवर दगडाच्या भुकटीचा थर. टेबलामागे बाहेरून आलेले साहेब. अलीकडे काका आणि ती. आई आली नव्हती. विंचवाला भिंतीशी बाकावर. साहेब सभ्य होते, आवाज न चढवता बोलत होते. त्यांनी सगळ्यांचं पुन्हा एकदा ऐकून घेतलं. विंचवाल्याने पुन्हा सांगितलं की तीनदा दाबलं. काकांनी पुन्हा सांगितलं की चाळीस दिवस.

मग साहेबांनी फाइलमधून एक कागद काढून टेबलावर पसरला. ते बाबांचं ड्रॉइंग होतं. काकांनीच नेऊन दिलं होतं, अभिमानाने.

"हे मी आमच्या इंजिनीअरना दाखवलं," साहेब म्हणाले. "त्यांना आधी शंका होती की पेटीत पाणी साचलं असेल. पण हे बघा, तळाला निचऱ्याला भोक ठेवलंय. माप अगदी बरोबर आहे म्हणाले. ज्याने हे केलं त्याला काम कळत होतं. तेव्हा घंटेत दोष नव्हता असंच म्हणावं लागतं. आणि घंटेत दोष नसेल तर," त्यांनी बाकाकडे पाहिलं नाही, "मग बटणच उरतं."

काकांनी खिशातून रुमाल काढला. भावाचं नाव वाचलं होतं.

साहेबांनी टाइप केलेला एक कागद तिच्यापुढे सरकवला. पेटी वर्कशॉपमधून निघाली तेव्हा ती सोबतच्या ड्रॉइंगबरहुकूम होती, असं घरच्यांचं निवेदन. शेवटचा हात तुमचाच होता ना तिच्यावर, रंगाचा? मग तुमची सही लागेल. वाचून घ्या नीट. काका हलकेच म्हणाले, वाचायचं तिला काय सांगायचं, तिचा तर तोच धंदा आहे.

तिने पेन हातात घेतलं आणि वाचलं. चार ओळी होत्या. एकही चूक नव्हती. तिने ड्रॉइंगमधल्या वर्तुळाकडे पाहिलं. शाई सुंदर वाळली होती. आगकाडीएवढ्या त्या गोलात एक माणूस आरामात बुडणार होता, आणि तो गोल तिने स्वतः, स्थिर हाताने काढला होता.

तिने बाकाकडे पाहिलं. विंचवाला तिच्याकडे बघत नव्हता. तो खिडकीकडे बघत होता आणि त्याचे ओठ हलत होते. आवाज नव्हता, पण ओठांवरून कळत होतं की तो मोजतोय. एकेक आकडा पूर्ण, घाई न करता. बासष्ट, त्रेसष्ट.

"पेन चालत नाही का?" साहेबांनी विचारलं.

तिने पेन खाली ठेवलं. काय म्हणायचं ते तिने वाटेत नीट जुळवून ठेवलं नव्हतं. आजही म्हणायचं नाही असंच ती ठरवून आली होती. पण ते वाक्य त्या रविवारपासून जसं तयार होतं तसंच्या तसं तिच्या तोंडात होतं, त्यातला एक शब्दही बदलायला तिचं मन धजलं नाही. काकांनी तिच्या दंडावर हात ठेवला.

"बाबा," ती मोठ्याने म्हणाली, "ते भोक मी बुजवलं."